डाव्या खांद्याची बंदूक

“मोकळी आहे?” कुणीही बंदूक पुढे केली की ते आधी हे विचारत. तुम्ही शपथेवर हो म्हटलंत तरी स्वतः उघडून, नळीतून उजेड बघितल्याशिवाय पुढचं बोलत नसत. एकदा लांब छत्री घेऊन आलेल्या पोस्टमनलाही त्यांनी सवयीनं हेच विचारलं होतं.

हुबळीच्या बाजारात त्यांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. ज्यांना खुर्ची चावते अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातातली कानस ठेवून ते दाराशी जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे, चहा मागवायचे आणि तो निवून जायचा. त्यांच्यासमोर पाच मिनिटं बसलं की आपल्यालाही उठावंसं वाटे.

नव्वदच्या दशकात आम्ही त्यांच्याकडे गेलो ते एका भांडणापायी. मळमड्डीच्या आमच्या घरात एक जुनी दुनळी बंदूक होती. माझे वडील, अण्णा, निवृत्त मास्तर. येईल त्याला सांगत, की कलघटगीच्या रानात माझ्या पणजोबांनी, म्हणजे त्यांच्या आजोबांनी, गोऱ्या कलेक्टरला बिबट्यापासून वाचवलं आणि साहेबानं खूश होऊन ही बंदूक दिली. ऐकून ऐकून कंटाळलेला मी एकदा पाहुण्यांदेखत म्हणालो, “पुरावा काय?” अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बंदूक चादरीत गुंडाळली, लायसन्स खिशात घातलं आणि म्हणाले, “चल. लेखीच आणू.”

दुकानदार बंदूक बघून उखडलेच. “हे काय री, मास्तर? हळद-कुंकू?”

“दर खंडेनवमीला पूजा करतो आम्ही.”

“पूजा करा की. पण ओली हळद लोखंडाला कशाला? वरचे ठसे सगळे खाऊन टाकलेत!”

मग त्यांनी नळ्या सुट्या केल्या. खालच्या बाजूला, जिथं आमच्या भक्तीचा हात पोचला नव्हता, तिथं बारीक ठसे शाबूत होते. त्यांनी भिंग लावलं, एक जाड पुस्तक काढलं, दाराशी तीन चकरा मारल्या आणि आठ दिवसांनी बंदूक घेऊन परत यायला सांगितलं. त्या आठ दिवसांत अण्णांना धड झोप नव्हती.

“बेल्जियमची आहे,” आम्ही परत गेल्यावर दुकानदार म्हणाले. “हे अक्षर वर्षाचं. पहिल्या महायुद्धानंतरची.”

अण्णांचा चेहरा उतरला. पणजोबा त्याच्या कितीतरी आधी प्लेगात गेले होते. मी जिंकलो होतो, आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं.

“थांबा की, अजून आहे. हा दस्ता वरून बघा. कुणीतरी गरम तेल लावून डावीकडं वळवून घेतलाय. वापरणारा डाव्या खांद्याचा.”

अण्णा म्हणाले, “माझे वडील डावखुरे होते.”

आजोबा म्हणजे कचेरीतले कारकून, पालीला भिणारे. अण्णांनी त्यांना बंदूक उचलताना कधी पाहिलं नव्हतं. उलट साहेबाच्या गोष्टीत पणजोबांचं शौर्य सांगून झालं की ते आजोबांच्या भित्रेपणावर हमखास हशा मिळवत.

“मग मला का सांगितलं नाही त्यांनी?”

“ते बंदुकीला ठाऊक नसतंय, मास्तर.”

अण्णांना आता आजोबांच्या नावाचा कागद हवा होता. “नाव घालणार नाही,” दुकानदार म्हणाले. “बंदुकीवर आहे तेवढंच लिहीन. पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात मी एकटाच गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, “हार्ट अटॅक री. मंगळवारीच गेले.” मी उगाच ते कुलूप दोनदा ओढून पाहिलं. दोनच भेटींचा तो माणूस, पण मला फार वाईट वाटलं.

अण्णा फाटकातच उभे होते. “कागद?” मी काय झालं ते सांगितलं. ते घरात गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी वहीचं पान फाडून त्यांनी स्वतःच लिहिलं, “ही बंदूक माझ्या वडिलांची. मला ठाऊक नव्हतं.” आणि खाली सही केली.