न ऐकू येणारा आवाज आणि नीलांबिका मॅडम

डॉ. नीलांबिका मॅडमशी माझी पहिली भेट सोलापुरातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. पाण्याच्या टाकीत जेलीचा गोळा होता आणि त्यात औषधाऐवजी निळा रंग भरलेले, डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे. मॅडमनी टाकीला बाहेरून अल्ट्रासाउंड सोडणारा प्रोब टेकवला. आवाज काहीच आला नाही, पण गोळ्याच्या मधोमध एक निळा ठिपका उमटला आणि वाढत गेला. नोकरी मागायला आलो होतो, ते विसरूनच गेलो.

अल्ट्रासाउंडने बुडबुडे फोडून औषध नेमकं गाठीपाशी सोडायचं, बाकी शरीराला त्याची झळ लागू द्यायची नाही, हे मॅडमचं आयुष्यभराचं काम. त्यांचा एक दंडक आहे: प्रोब चालू असताना खोलीत कुणी बोलायचं नाही. ऐकूच न येणाऱ्या आवाजापुढे एवढं सोवळं कशाला, अशी आम्ही शिष्यमंडळी थट्टा करायचो.

मग चाचणीसाठी मंगळवेढ्याच्या एक आजी आल्या. यकृतात गाठ होती. उपचार सुरू असताना त्या हळूच म्हणाल्या, "बाई, आत कोन तरी बोलतंय की."

आम्ही हसू दाबलं. मॅडमनी मात्र लगेच यंत्र बंद केलं. पाहिलं तर आजींचा श्वास खोल गेला होता, यकृत सरकलं होतं आणि औषध चांगल्या भागात सुटणार होतं. आजींना नेमकं काय ऐकू आलं, असं मी नंतर विचारलं.

"ते मला ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या. "रोगी सांगतो तेव्हा थांबायचं, एवढंच ठाऊक आहे."

आजी बऱ्या झाल्या. दर हिवाळ्यात मॅडम आम्हा सगळ्यांना आजींच्या शेतावर हुरडा खायला नेतात.

यंदा तसलीच गाठ मॅडमच्या यकृतात निघाली. पुण्या-मुंबईला चला म्हणून आम्ही विनवलं, पण त्यांनी प्रोब माझ्या हातात दिला. गेल्या आठवड्यात पडद्यावर सगळं बिनचूक दिसत होतं. डोळे मिटूनच मॅडम म्हणाल्या, "थांब. बोलतंय."

मी थांबलो. पुन्हा पुन्हा तपासलं, चूक कुठेच सापडली नाही. औषध अर्धंच सुटलं होतं.

उरलेलं औषध मॅडमच्या पंचाहत्तरीच्या, अमृतमहोत्सवी समारंभानंतर द्यायचं आहे. काल सरावासाठी मी एकट्यानेच टाकीत प्रोब चालू केला, तेव्हा पाण्यातून कुणी तरी अगदी हलक्या आवाजात बोललं. शब्द कळले नाहीत. मी घाबरून मॅडमना सांगितलं, तर त्यांना उलट हायसं वाटलं. "आता कधी थांबायचं ते तुलाही कळेल," म्हणाल्या.

मॅडमना निरोगी शंभर वर्षं लाभोत, असं या गौरवग्रंथात सगळेच लिहितील. मीही मनापासून लिहितो. पण त्यातली किती वर्षं त्यांना मिळायची, हे उरलेलं औषध सोडताना मी केव्हा थांबतो यावर आहे.