नमुन्याची पिशवी

माझ्या चष्म्याचा नंबर बदलायला दोन-तीन वर्षं लागतात, आयातीचे नियम त्याच्या आधी बदलतात. लाटंबार्स्यातल्या एका काजूच्या कारखान्यात मी कारकुनी करतो. केस काळे होते तेव्हापासून करतो. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी शेट ऑफिसातला टीव्ही लावतात आणि आम्ही दोघं बघत बसतो. बाहेरून येणाऱ्या काजूबीवरचं शुल्क कधी वाढतं, कधी उतरतं, कधी सवलत येते आणि तिला शेपूट म्हणून चार अटी येतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता नुसता कंटाळा येतो.

बाहेरची बी आम्हांला कशाला लागते, असं वाळपईच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण विचारतो. आमच्या डोंगरांवरची, इब्रामपूरकडच्या बागांतली बी पावसाच्या तोंडावर येऊन संपते. पुढे दिवाळीपर्यंत बी फोडणाऱ्या चाळीसेक बायकांचे हात चालू ठेवायचे तर आफ्रिकेची पोती आली पाहिजेत. ती आली नाहीत की पावसाळाभर कारखाना बंद, आणि बायका घरी. बाकी सगळं कागदाचं नाटक, गोष्ट एवढीच.

तिथल्या गरीब देशांतून आलेल्या बीला शुल्कात सवलत मिळते. पूर्वी त्या देशाचा उगमाचा दाखला जोडला की झालं. मग कुणीतरी कुठेतरी एका देशाचा माल दुसऱ्याच्या दाखल्यावर आणला असणार. कारण नवा नियम आला की नुसता दाखला पुरे नाही, माल खरोखर तिथलाच आहे हे मागवणाऱ्याला स्वतः माहीत असलं पाहिजे. बी कुठे पिकली, कुणी गोळा केली, कुठे वाळवली, सगळं लिहून द्या. मी बेळगावच्या पुढे गेलेला माणूस नाही. आमचा माल यायचा त्या बेनिनमधल्या कुठल्या झाडाखाली कुणी वाकून बी वेचली ते मी काय सांगणार? तरी लिहिलं. बंदरावरचा आमचा एजंट फोनवर सांगत गेला आणि मी रकाने भरत गेलो.

त्या वर्षी पहिला कंटेनर सुटून कारखान्यात आला आणि दुसरा बंदरात अडकला. कस्टमचं पत्र आलं की पहिल्या मालाचा नमुना पाठवा, तो तपासल्याशिवाय दुसरा सुटणार नाही. पाऊस सुरू झाला होता. गावठी बीची शेवटची काही पोती उरली होती.

नमुना काढायला मी आक्काला सांगितलं. आक्का म्हणजे आमची मुकादमीण, दोडामार्गाकडून लग्न होऊन इथे आलेली, माझ्याहून थोडी मोठी. बी नुसती हातात घेऊन आतला गर कसा निघेल ते सांगणारी बाई. टरफलाच्या तेलानं तिची बोटं कायमची काळी झालेली. मी म्हटलं, "आक्का, बरोसो नमुनो काढ. सायबाच्या मेजार जातलो तो."

बरोसो, म्हणजे चांगलासा, हे वाक्य माझं होतं. ते मी विसरलेलो नाही.

ती दुपारभर खिडकीशी सूप घेऊन बसली. एकेक बी उजेडात फिरवून बघत होती. मग पांढऱ्या कापडाची पिशवी तिनं स्वतः शिवली, बारीक टाक्यांनी तोंड बंद केलं. मी पिशवी हातात घेऊन म्हटलं, वा. आतली बी कुठल्या पोत्यातली, हे काही विचारलं नाही.

महिन्याभरानं उत्तर आलं. नमुन्यातली बी टपोरी, एकसारखी, कागदावर लिहिलेल्या देशाच्या मालाशी न जुळणारी. म्हणजे माल दुसरीकडचा असल्याचा संशय. नमुना कुणी काढला, खुलासा करा.

मी आक्काला बोलावलं. तिला काही लपवायचं नव्हतंच.

"ती भायरची बी बारीक, डागी," ती म्हणाली. "तसली सायबाक कशी धाडूची? घराक पावणो इलो तर आपण किडकी बी काढतंव काय? मगे इब्रामपूरच्या पोत्यातली काढलंय. आमचीच लाज गेली आसती."

मला हसू आलं. सरकारी माणसाच्या दारात वाईट वस्तू पाठवायची नाही, ही आमच्याकडची रीत. माझी आईसुद्धा तेच करती. पण खुलाशाच्या कागदावर रीत लिहायला रकाना नव्हता.

एजंट म्हणाला, खरं लिहून कोण मानणार? कामगारानं परस्पर केलं, त्याला काढून टाकलं, असं लिहा, आणि नवा नमुना पाठवा. शेटही तेच म्हणाले. "कागदार तेवढा लिवा. आक्का येतली तशीच येतली."

मी लिहिलं. 'संबंधित कामगारास कामावरून कमी करण्यात आले आहे.' नमुना काढायला मीच सांगितलं, 'बरोसो' मीच म्हटलं, हे लिहायचं माझ्या मनात आलं होतं. पेन टेकवूनही ठेवलं होतं. मुलीचं कॉलेज डोळ्यांपुढे आलं आणि ते न लिहिताच हात पुढे सरकला. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

नव्या नमुन्याच्या वेळी मी स्वतः पोत्यात हात घातला आणि न बघता पिशवी भरली. तो जुळला. कंटेनर सुटला, बायकांचा पावसाळा निभावला. फक्त शेटांना धास्ती बसली. "कोण तपासूक इलो तर? थोडे दीस घराक ऱ्हव म्हणा तिका." थोडे दिवस म्हणता म्हणता गणपतीची चवथ आली, दिवाळी गेली. आक्काच्या जागेवर दुसरी बाई बसू लागली. तिला बी कळत नाही, पण ती काही निवडतही नाही.

गेल्या महिन्यात आक्का ऑफिसात आली. पहिल्यांदाच दारात उभी राहिली, आत ये म्हणेपर्यंत आली नाही.

"दादा, माका एक कागद व्हयो," ती म्हणाली. "हंय काम केलंय म्हणान. पेडण्याच्या विमानतळार झाडूक-पुसूक बायलो घेतत, पण ठेकेदार दाखलो मागता."

शेटांना विचारलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, तिला काढलं असं आपणच लिहून दिलंय, आता चांगल्या कामाचा दाखला आपल्याच शिक्क्यानं कसा द्यायचा? त्यांचंही खरंच होतं. मी परत येऊन बसलो. कधी न पाहिलेल्या झाडांच्या बीबद्दल मी पानंच्या पानं लिहून दिली आहेत. ही बाई मात्र इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर बसून बी फोडत होती.

कोऱ्या कागदावर मी लिहिलं की ह्या बाईंनी इथे मन लावून काम केलं आणि हे मला स्वतः माहीत आहे. खाली माझी सही केली.

तिनं काळ्या बोटांनी कागदाची नीट चौघडी घातली आणि विचारलं, "चलतलो मां ह्यो?"

"चलतलो," मी म्हटलं. शिक्क्याशिवायचा कागद कुठेच चालत नाही, हे मला माहीत होतं.