व्याह्यांना धाडलेले मासे

आमच्या चुलत्यांना फौजेतून पेन्शन मिळाली, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. रहिमतपुरात ते अजून हवालदारच होते आणि आम्ही घरचे त्यांची पलटण. ताईचं लग्नही त्यांनीच सांगलीला, विश्रामबागेत जमवलं. "भरलं घर हाय," एवढीच त्यांची चौकशी.

लग्नात मानपानावरून बिनसलं. त्या भरल्या घराने ताईला एकदाही माहेरी धाडलं नाही. शेवटी तिच्या सासऱ्यांनी निरोप दिला: तुमच्या हौदातले सोनेरी मासे पाठवा, मग पंचमीला पोरगी पाठवायचं बघू. म्हणजे ताईचं येणं आता माझ्या माशांवर अडलं होतं.

ते मासे मी पाचगणीहून, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून आणले होते. आणताना निम्मे मेले, त्यातून अक्कल आली. माशांना प्रवासाआधी उपाशी ठेवायचं, नाहीतर पाणी नासतं. डबा अर्धाच भरायचा, वरच्या अर्ध्यात वारा राहू द्यायचा. झाकणाला भोकं हवीतच. मी रॉकेलचा डबा राखेने घासघासून वास घालवला, सगळं नीट केलं आणि पार्सल नोंदवायला सायकलवरून पुढे स्टेशनावर गेलो. मागून बैलगाडीतून डबा आणायचं काम तेवढं काकांवर सोपवलं.

आगगाडी लागली, हमालाने डबा उचलला आणि मला दिसलं, झाकणाची सगळी भोकं कणकेने लिंपलेली.

"काका, हे काय केलंत?"

"व्याह्याच्या दारात अर्धं भांडं धाडतोस व्हय रं? काठोकाठ भरला मी. वाटंत लय हिंदकळाय लागलं, म्हून गाडी थांबवून, एका घरातनं कणीक मागून भोकं बुजवली."

"आवं, पण वारा?"

"मासा पाण्यात ऱ्हातो गड्या, वाऱ्यात न्हाई. आन् भाकरी कुस्करून टाकलीया. बिनरेशनचा जवान कवा गाडीत बसतोय का?"

मी धावेपर्यंत गाडी हलली. काकांनी जाणाऱ्या गाडीला कडक सलाम ठोकला. माशांना सलाम ठोकणारा माणूस मी जन्मात तेवढा एकच पाहिला. त्या क्षणी त्यांनाच डब्यात कोंबावं असं मला वाटलं.

सांगलीत सासऱ्यांनी चार पाहुणे बोलावून झाकण काढायला लावलं. भोकांतली वाळलेली कणीक ताईलाच खरवडावी लागली. आत भाकरीचा आंबलेला काला आणि पोट वर करून तरंगणारे मासे. माहेरून मेलेले जीव आले, हा अपशकुन ठरला. पंचमी गेली. काकांच्या मते सगळा दोष रेल्वेचा.

ताई आली ती पुढच्या वर्षी. पार वाळून गेली होती. काकांनी सोप्यात बसून, आईच्या देखत विचारलं, "काय पोरी, म्हटलं तसं भरलं घर हाय का न्हाई?"

"हाय की काका," ताई म्हणाली. "तुमी मासं धाडलं हुतं ना, त्या डब्यासारखं हाय. काठोकाठ."

आई उठून आत गेली. मला तिथे बसवेना. काका मात्र मिशीवर हात फिरवत महिनाभर गावात सांगत होते, पोरगी सुखात हाय, सोताच्या तोंडानं म्हणाली.