टेकडीवर राहिलेली हाक

सुमनताई गेल्या तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनच्या कारखान्यात, जीन्सचे धागे कापत होते. शेठच्या टेबलावर फोन आला. आमचे हे एवढंच म्हणाले, "घरी ये. वहिनी गेली." मला नवल वाटलं नाही... आणि रिक्षात बसल्यावर त्याचीच भीती वाटायला लागली.

सुमनताई माझ्या थोरल्या जाऊबाई. ब्याऐंशी साली मी लग्न होऊन मोरिवलीत आले, तेव्हापासून रविवारी दुपारची भांडी आटोपली की त्या मला मागच्या टेकडीवर न्यायच्या. वीस मिनिटांची चढण. जंगलखात्याचं तारेचं कुंपण, वर जुन्या चौकीची पडकी भिंत आणि दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं. पूर्वी तिथले पहारेकरी उतरताना एकेकाचं नाव पुकारून माणसं मोजत, म्हणे. म्हणून आमच्या गावात अजून रीत आहे. खाली निघताना भिंतीपाशी थांबून सोबतच्या माणसाला मोठ्याने हाक मारायची, 'चल घरी'. त्याने 'आलो' म्हणायचं. हाक राहिली तर माणूस वरच राहतो. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायची लाज. माझ्या तोंडून आवाजच फुटायचा नाही. "अगं मुके, मला काय इथेच ठेवतेस? तुझ्या भाऊजींचा डबा कोण करणार, तू?" मग मी पुटपुटायचे, आणि त्या मात्र गावाला ऐकू जाईल अशा ओरडायच्या, "आले गं बाई, आले!"

शेवटच्या रविवारी खाली कारखान्यांचा धूर जागचा हलत नव्हता. घसा खवखवत होता. टाक्यातलं पाणी काळं दिसत होतं आणि एक पाखरू बोलत नव्हतं. चढताना सुमनताई तीनदा बसल्या. ओठ निळे पडलेले. डावा दंड दाबत म्हणाल्या, "घरी बोलू नकोस हं. पोरीचं लग्न तोंडावर आलंय, उगाच दवाखान्यात नेऊन निजवतील." मी मान हलवली. वर जंगलखात्याचे दोन रखवालदार विड्या ओढत बसले होते. परक्या पुरुषांसमोर हाक कशी मारणार? तशीच उतरायला लागले. वळून पाहिलं तर सुमनताई भिंतीला टेकून उभ्या... मी हाक मारेन म्हणून थांबलेल्या. मी हातानेच खूण केली. त्या हसल्या आणि निघाल्या.

पुढे पाच दिवस भाऊजींना जेवायला वाढताना वाटायचं, आज सांगावं. ते विचारायचे, "काय गं, काही हवंय का?" मी म्हणायचे, "नाही." सहाव्या दिवशी तो फोन आला.

सव्वा महिन्यानंतर, गेल्या रविवारी, मी भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "कुठे उभी होती, दाखव."

आम्ही दोघं वर गेलो. रखवालदार तिथेच होते. मी भिंतीची जागा दाखवली. ऊन कलायला लागलं तरी भाऊजी निघेनात. शेवटी मीच भिंतीपाशी उभी राहिले आणि जन्मात ओरडले नव्हते तेवढ्या मोठ्याने ओरडले, "सुमनताई, चला घरी!" रखवालदारांनी वळून पाहिलं. खाली कारखान्याचा भोंगा झाला, तो थांबला. आम्ही ऐकत राहिलो.

"परत एकदा मार," भाऊजी म्हणाले.