फ्रायबुर्गला आम्ही उतरलो नाही

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि तो तर तेव्हा माझ्या शेजारच्याच सीटवर डुलक्या घेत होता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही युरोपला गेलो. मी, नवरा आणि माझी वहिनी. आम्ही बारामतीत राहतो. माहेर इंदापूरजवळ, तिथं दादा-वहिनी. त्यांचा एकुलता एक सुजित जर्मनीत शिकायला होता, फ्रायबुर्गला. सायकलवरून जाताना ट्रकनं उडवलं. पेटी आली ती बंदच. वहिनीला त्याचं तोंडही बघू दिलं नाही कुणी. मग तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. दादाच मला म्हणाला, "तुमी चाललाय तर हिलाबी न्या. जरा माणसात यील."

सगळा बेत माझा. कुठं किती दिवस राहायचं, हे मीच ठरवत होते. पॅरिसला तीन, ॲम्स्टरडॅमला दोन, पुढं स्वित्झर्लंड, शेवटी रोम. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. वहिनी आमच्याकडं आलेली, समोर मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, आपल्या सुजितच्या गावाला एक दिस जमंल का? कुठं ऱ्हात हुता, तेवढं बघीन. रडणार न्हाय मी."

रडणार नाही — हे तिला का सांगावं लागलं? काय दिसलं असेल तिला माझ्या चेहऱ्यावर?

मी म्हणाले, तिथं उतरायला वेगळा व्हिसा लागतो.

लागत नाही. या सगळ्या देशांना एकच चालतो, ते मला पक्कं ठाऊक होतं. आमची गाडीही फ्रायबुर्गवरूनच जाणार होती. पण तो दिवस स्वित्झर्लंडमधून काढावा लागला असता, आणि बर्फाच्या डोंगरावर जायचं तर मी लग्न झाल्यापासून मनात धरलं होतं. पुढं कितीदा स्वतःला समजावलं — वहिनीला झेपलं नसतं म्हणून. खरं सांगू? मला झेपलं नसतं. माझ्या सहलीला सुतक नको होतं. एवढंच.

ॲम्स्टरडॅमहून खाली येताना गाडी तिथं थांबली. पाटी नेमकी वहिनीच्या खिडकीसमोर. वहिनी सातवी शिकलेली, इंग्रजी येत नाही. पण ही अक्षरं तिनं स्वतःच्या हातानं पार्सलांवर काढलेली — भाजणीच्या, लाडवांच्या, स्वेटरच्या. काचेला बोट लावून एकेक अक्षर वाचलं तिनं.

"वन्सं, हे त्येच हाय न्हवं?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? दार उघडं होतं. दोन मिनिटं तिला फलाटावर उभं केलं असतं, तरी चाललं असतं. पण मग व्हिसाचं काय सांगणार होते? मी म्हणाले, "या नावाची दोन गावं आहेत. हे दुसरं."

"व्हय का," म्हणाली ती.

फलाटावर पाठीला सॅक लावलेली पोरं चालली होती, काहींच्या हातात सायकली. गाडी हलली तरी वहिनी मान वळवून मागं बघत राहिली. मला बोलायचं होतं. खरंच होतं. मग स्टेशन संपलं, झाडं आली.

डोंगरावर गेलो. बर्फ पाहिला. मला तो आवडला — हेही सांगायला हवं.

परत आल्यावर वहिनी आल्यागेल्याला सांगायची, वन्संनी लय फिरवलं. मी तिथंच बसून चहा पीत असायचे.

यंदा तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. आता प्रवास कसला, अंगणात यायलाही दोघांचा हात लागतो. गेल्या महिन्यात इंदापूरला भेटायला गेले. दादा गोठ्यात होता. मी तिच्या उशाशी. जीभ जड झालेली, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "वन्सं, त्या टेसनावर मी उतरले असते, तर रागावला असता का वो तुमी?"

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. आणि मला राग येईल म्हणून ती जागची हलली नव्हती.

"नाही," मी म्हणाले, आणि तिची चादर सारखी केली.

तेही खोटंच बोलले मी.