आल्विन मास्तरांचा आभाराचा हात

आमच्या क्रीट बेटावर समोरच्या गाडीने दिवे उघडझाप केले की त्याचा अर्थ एकच: मी येतोय, बाजूला हो. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि आल्विन मास्तरांनाही कुणी शिकवलं नाही. फरक इतकाच, की मास्तरांनी एकतीस वर्षं वेल्समध्ये बस चालवली होती, आणि तिकडे त्याच खुणेचा अर्थ बरोब्बर उलटा होता: या, आधी तुम्ही जा.

निवृत्त झाल्यावर बायकोला, नेरिसला, घेऊन ते आमच्या डोंगरातल्या गावी राहायला आले. पहिल्याच महिन्यात चौकात कुणीतरी दिवे मारले. मास्तर हात वर करून आभार मानत सरळ पुढे घुसले. समोरच्याने करकचून ब्रेक दाबला आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तरांना वाटलं, माणूस नमस्कार करतोय. कॉफीच्या दुकानात आम्ही पोट धरून हसलो. पुढे आठ वर्षं हा आमचा खेळच झाला. मुद्दाम दिवे मारायचे, आणि मास्तरांचा हात वर गेला की टेबलावर थापा. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मी तर नाहीच. त्यांची नक्कल गावात सगळ्यांत चांगली मीच करायचो.

बाकी माणूस नियमाचा पक्का, म्हणून तर आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी पाटीपाशी थांबणार. पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवणार नाहीत. गाडी चालवताना नवरा-बायको दोघंही फोनला हात लावायचे नाहीत.

"मास्तर, आत्ता एक गोगलगाय तुम्हाला मागे टाकून गेली!" आम्ही ओरडायचो.

"जाऊ दे रे, तिला घाई असेल," ते म्हणायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या पुतण्याचा बाप्तिस्मा होता. दुपारची पंगत रंगात आलेली, बोकडाचं मटण, राकी या कडक दारूचे पेले. तेवढ्यात माझ्या नऊ वर्षांच्या आर्गिरोला गांधीलमाशी चावली. आधी ओठ सुजला, मग डोळे. मग ती म्हणाली, "बाबा, गळ्यात काहीतरी अडकलंय."

आरोग्य केंद्र खाली, समुद्राकाठच्या गावात, बावीस किलोमीटरवर. रुग्णवाहिका वर यायला पाऊण तास. मी व्हॅनची किल्ली काढली, ती मास्तरांनी माझ्या हातातून काढून घेतली.

"किती प्यायलायस, मनूसोस?"

"सोडा हो! हा रस्ता मी झोपेतसुद्धा चालवीन."

"माझ्या गाडीत मागे बस. पोरीला धर."

एवढ्या पंगतीत न प्यायलेले दोघंच, ते आणि नेरिस. माझी बायको गारिफालिया पोरीची आरोग्यपुस्तिका आणायला घरी धावली. तिला घेऊन नेरिस दुसऱ्या गाडीने मागून येणार होती.

मास्तरांनी त्या दिवशी गाडी पळवली, नाही असं नाही. पण प्रत्येक आंधळ्या वळणावर वेग कमी करत होते. माझ्या मांडीवर आर्गिरोचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला.

"घाला ना पुढे!"

"पलीकडचं दिसत नाही."

मी त्यांना नको नको ते बोललो. ते वळण संपेपर्यंत ट्रॅक्टरच्या मागेच राहिले आणि मग पुढे गेले.

ओढ्यावरचा पूल एका गाडीपुरता आहे. आम्ही अलीकडे पोचलो तेव्हा पलीकडून खडीचा ट्रक येत होता. त्याने दोनदा दिवे मारले. मास्तरांनी सुस्कारा सोडला, हात वर केला आणि गाडी पुढे काढली.

तो हात मी मागून पाहिला आणि माझी राकी तिथेच उतरली.

"थांबा! तो येतोय, थांबा!"

मास्तरांनी ब्रेक मारून गाडी उजवीकडच्या खडीत घातली. ट्रक आमचा आरसा तोडून भोंगा वाजवत निघून गेला.

"त्याने तर वाट दिली होती," मास्तर म्हणाले.

"नाही दिली. इथे त्याचा अर्थ थांबा, मी येतोय."

"कधीपासून?"

"कायमच."

त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

डॉक्टरीणबाईंनी केंद्राच्या दारातच पोरीला उचलून नेलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत शिट्टी थांबली. आर्गिरोने पाणी मागितलं आणि मी भिंतीला डोकं टेकून रडलो. वळून पाहतो तर मास्तर पांढरेफटक.

"मनूसोस, नेरिसलाही माहीत नाही."

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. मी गारिफालियाला लावला, तर माझ्या भावाने उचलला. फोन ती पंगतीतच विसरून गेली होती.

"ती उचलणार नाही," मास्तर म्हणाले. "मीच शिकवलंय तिला."

"मी मागे जातो," मी म्हणालो.

"उपयोग नाही. आत्ता ती पुलाजवळच असेल."

आम्ही फाटकाशी जाऊन उभे राहिलो. त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"गावात सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त रस्त्याकडे बघत राहिले. एक पिकअप गेला, दोन मोटारसायकली गेल्या. मी लहानपणापासूनच्या सगळ्या संतांची नावं घेतली. हसताना एकाचंही आठवलं नव्हतं.

मग नेरिसची गाडी आली. रिकाम्या रस्त्यावरही वळण्याआधी तिने दिवा दाखवला. गाडीचा पुढचा पत्रा आत गेला होता आणि एक दिवा फुटला होता. आधी गारिफालिया उतरली, पुस्तिका छातीशी धरून.

"पुलाच्या कठड्याला धडकलो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी तिला सगळं सांगितलं. आठ वर्षांचं."

नेरिस उतरली. ती नवऱ्याला ओलांडून थेट माझ्यासमोर आली. मी मान खाली घातली. तिने माझ्या मुस्काटात मारावी असं मला मनापासून वाटत होतं.

"आर्गिरोला श्वास घेता येतोय ना रे?" तिने विचारलं.