पूर्ण वाक्यात सांग

"ताई, आत्या शांत झाली गं." धारहून नितीनचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन. शांत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय सडून गेली बाई, शांती कसली डोंबलाची! देवासला माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मी रडले, पण त्याआधी किळस आली, आमच्या गोड बोलण्याची. महिना उलटून गेला, अजून ती किळस जात नाही.

कुंदाआत्या धारच्या हिंदी शाळेत इंग्रजी शिकवायची. लग्न केलं नाही, वर्गच तिचा संसार. आम्ही दोघंही तिच्या वर्गात होतो. नासलेल्या कशालाही आमच्या तोंडी एकच, 'सड़ गया'. ते तिला खपत नसे. दर शनिवारी ती स्वतःच घरून एकेक बिघडलेली वस्तू वर्गात न्यायची... शिळी पोळी, बुरशी आलेलं लिंबू, खवट शेंगदाणे, गंजका खिळा. आधी नाकाशी धरायचं, मग शब्द. पोळी स्टेल, लिंबू मोल्डी, दाणे रॅन्सिड, खिळा रस्टी. नुसता शब्दही चालत नसे. "पूर्ण वाक्यात सांग." बरोबर आलं की, "बस खाली." एवढीच शाबासकी. "बहनजी, बच्चों को सड़ा माल सुँघाती हो?" म्हणून आया भांडायला येत, तर त्यांनाही ती लिंबू हुंगायला लावायची. नितीन मात्र नाक दाबून दर वेळी एकच म्हणायचा, "बॅड." मग तासभर उभा.

साखरेनं तिचा पाय काळा पडला तेव्हा ती नितीनकडेच राहत होती. "थोडी सूज आहे, आत्या," हे त्याचं रोजचं. डॉक्टर पाय कापायचं म्हणत होते, ते त्यानं तिच्यापासून आणि माझ्यापासूनही दडवलं. खचेल म्हणे! आणि खोलीत सकाळ-संध्याकाळ मोगऱ्याचा स्प्रे. मी गेले तेव्हा... काय सांगू, त्या मोगऱ्याखालून दुसराच वास येत होता. आजही गजरेवालीसमोरून मी तोंड फिरवून जाते.

आत्यानं पायाच्या पट्टीकडे बोट केलं. "नितीन, याला काय म्हणतात?"

"इन्फेक्शन आहे आत्या, उतरेल."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. पूर्ण वाक्यात."

मी बोलले, "आत्या, युअर फूट इज रॉटिंग."

"करेक्ट. बस खाली." तिनं पदरानं डोळे टिपले. तेव्हा कुठे नितीननं डॉक्टरांचं पाय कापायचं म्हणणं सांगितलं. "पाय माझा होता रे नितीन. मला विचारायचंस तरी! बोलाव डॉक्टरला, म्हणावं कापा."

पण तोवर विष अंगभर भिनलं होतं. ऑपरेशननंतर ती उठलीच नाही.

तेराव्याला बेसनाचे लाडू होते, तूप नितीननंच आणलेलं. पहिल्या घासालाच कळलं. पंगतीत सगळे मुकाट गिळत होते. वर, "बढ़िया बने हैं, भिया," असं कुणीतरी म्हणालंही. शी! मी लाडू ताटाबाहेर काढून ठेवला. वाढता वाढता नितीननं ते पाहिलं. परातीतला एक लाडू उचलून त्यानं नाकाशी धरला, परात खाली ठेवली आणि भर पंगतीत ताठ उभा राहिला.

"द घी..." त्यानं लाडू पुन्हा हुंगला. "द घी इज रॅन्सिड."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तो तसाच उभा. 'बस खाली' म्हणायला कुणी नव्हतं.